मोबाइलपासून मोठ्या स्क्रीनपर्यंत नीट दिसणारी स्वतःची वेबसाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे शिक्षक, कवी, छायाचित्रकार, विद्यार्थी स्वतःची वेबसाइट करायला घेतात, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एचटीएमएल आणि सीएसएसची तोंडओळख आहे, असं धरलं आहे. कोडमधली नावं आणि अंक इथे देवनागरीत लिहिले आहेत; एडिटरमध्ये ते नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे.

मोबाइलसाठी एक आणि कॉम्प्युटरसाठी एक, अशा दोन साइट कराव्या लागतात का?

नाही. एकच एचटीएमएल, एकच पत्ता. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याचं काम सीएसएस करतं. इथन मार्कॉट यांनी २०१० साली ही पद्धत मांडली, तेव्हा तिचे तीन भाग सांगितले होते: लवचीक ग्रिड, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारे सीएसएसचे नियम). आजही पाया तोच आहे, साधनं मात्र खूप सोपी झाली आहेत.

दोन साइट ठेवल्या की एकीकडे फोन नंबर बदलतो आणि दुसरीकडे जुनाच राहतो. शिवाय गुगल आता साइटची नोंद मोबाइलवरच्या पानावरून घेतं. तिथे जो मजकूर दिलाच नाही, तो शोधात सापडण्याची आशा धरू नये.

डिझाइनची सुरुवात कुठल्या मापापासून करावी?

३६० पिक्सेल रुंदीपासून. बऱ्याच अँड्रॉइड फोनची सीएसएसच्या हिशेबातली रुंदी ३६० ते ४१२ पिक्सेल असते, आयफोनची साधारण ३७५ ते ४४०. आणखी खाली ३२० वरही काही तुटत नाही ना, एवढं बघून घ्यावं. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्येही हेच माप धरलं आहे.

लॅपटॉपपासून सुरुवात केली की आधी तीन रकाने करायचे, रुंद्या ठरवायच्या आणि मग मोबाइलसाठी ते सगळं मोडायचं, असं दुप्पट काम होतं. अरुंद स्क्रीनवर परिच्छेद, चित्रं, मथळे आपसूकच एकाखाली एक येतात. ब्राउझर मुळात तसाच वागतो. त्यामुळे मोबाइलसाठी फार थोडं सीएसएस लागतं आणि जागा वाढेल तशी भर घालत जाता येतं. दुसरा फायदा आमच्या मते याहून मोठा आहे: ३६० पिक्सेलमध्ये आधी काय आणि नंतर काय, हे ठरवावंच लागतं. नाव, काम काय करता ते एका वाक्यात, संपर्क, बाकीचं त्यानंतर.

मोबाइलवर अख्खं पान बारीक दिसतं, बोटांनी मोठं करून वाचावं लागतं. का?

हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहून गेला आहे. तो नसला की मोबाइलचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं समजून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. टॅगमध्ये नेम म्हणून 'व्ह्यूपोर्ट' आणि कॉन्टेंट म्हणून 'विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१' एवढंच लिहावं. काही तयार टेम्पलेटमध्ये याच टॅगात 'युजर-स्केलेबल=नो' असतं, ते काढून टाका. त्याने चिमटीने मोठं करून वाचण्याची सोय जाते आणि चाळिशी लागलेल्या वाचकाची अडचण होते.

पान मोबाइलवर उजवीकडे सरकतं, कडेला पांढरी पट्टी दिसते. दोष कसा शोधायचा?

कुठला तरी एक घटक स्क्रीनपेक्षा रुंद आहे. सीएसएसमध्ये तात्पुरतं सगळ्या घटकांना (तारांकन वापरून) एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. कोण बाहेर डोकावतंय ते लगेच दिसतं. बॉर्डर नको, तिच्यामुळे मापं बदलतात.

बहुतेक वेळा दोषी पुढच्यांपैकीच कोणीतरी निघतो. गुगल मॅप्सचा एम्बेड कोड ६०० बाय ४५० अशी ठरीव मापं घेऊन येतो. त्याला रुंदी १००% द्या. यूट्यूबच्या चौकटीला रुंदी १००% आणि 'अ‍ॅस्पेक्ट-रेशो' १६/९. चित्रांना 'मॅक्स-विड्थ' १००% आणि 'हाइट' ऑटो. लांबलचक ईमेल किंवा लिंक मध्ये तुटत नाही, तिच्यासाठी 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर'. एखाद्या डब्याला १००% रुंदी देऊन वर पॅडिंग दिलं की तो बाहेर जातो. म्हणून फाइलच्या पहिल्याच ओळीत सगळ्या घटकांना 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' द्यावं. फ्लेक्सबॉक्समधला घटक हट्टाने आक्रसत नसेल तर त्याला 'मिन-विड्थ: ०' द्या, कारण फ्लेक्सचे घटक आपल्या आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला मुळात तयार नसतात.

बॉडीला 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' देऊन हा प्रश्न मिटवू नका. पट्टी जाते, पण बाहेर गेलेला मजकूरही कापला जातो आणि तो वाचायला मार्गच उरत नाही.

ब्रेकपॉइंट किती आणि कुठे ठेवावेत?

ब्रेकपॉइंट म्हणजे ज्या रुंदीला मांडणी बदलते ती जागा. वैयक्तिक साइटला दोन पुरतात, कधीकधी एकच. अमुक कंपनीच्या फोनसाठी एक, टॅब्लेटसाठी एक, असं करत बसू नये. फोन दरवर्षी बदलतात. ब्राउझरची खिडकी ३६० पासून हळूहळू रुंद करत जा. जिथे ओळी फार लांब वाटतात किंवा शेजारी मोकळी जागा उगीच पडून राहते, तिथे ब्रेकपॉइंट. साधारणपणे तो ६०० आणि ९०० पिक्सेलच्या आसपास येतो. मीडिया क्वेरीत मात्र तो पिक्सेलऐवजी ईएममध्ये (अक्षराच्या मापावर चालणारं एकक) लिहावा: ६०० म्हणजे ३७.५ ईएम. वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं असेल तर मांडणीही त्याप्रमाणे बदलते.

मीडिया क्वेरी न लिहिता रकाने आपोआप वाढतील असं करता येतं का?

येतं, आणि कामांच्या किंवा फोटोंच्या यादीसाठी तेच करावं. 'डिस्प्ले: ग्रिड' द्या आणि 'ग्रिड-टेम्पलेट-कॉलम्स'मध्ये लिहा: रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(मिन(१००%, १६आरईएम), १एफआर)). गॅप १ आरईएम. आरईएम म्हणजे पानाचं मूळ अक्षरमाप, एरवी १६ पिक्सेल; म्हणून १६ आरईएम म्हणजे २५६ पिक्सेल. पानाच्या दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल सोडले तर ३६० च्या फोनवर ३२८ उरतात: एक रकाना. ६०० वर ५६८ उरतात आणि दोन रकान्यांना गॅपसकट ५२८ लागतात: दोन रकाने. आतला डबा ११२० पिक्सेलवर रोखला तर लॅपटॉपवर चार.

त्यातलं 'मिन(१००%, …)' गाळू नका. ते नसलं तर २५६ पेक्षा अरुंद जागेत रकाना बाहेर पडतो. दोनच कामं असतील आणि ती लॅपटॉपवर ताणून अवाढव्य दिसत असतील, तर ऑटो-फिटच्या जागी ऑटो-फिल लिहा.

मराठी मजकुरासाठी काय वेगळं करावं लागतं?

बरंच. आणि नेमका हाच भाग इंग्रजी टेम्पलेटमध्ये नसतो, म्हणून सविस्तर.

आधी ओळींतलं अंतर. आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेली १.२ ची 'लाइन-हाइट' मथळ्याला लावली की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मजकुराला १.७, मथळ्यांना निदान १.३५ ठेवा. बटणाला ठरीव उंची आणि 'ओव्हरफ्लो: हिडन' असेल तर वेलांटीचा माथा कापला जातो, उंची ठरवू नका, वरखाली पॅडिंग द्या.

अक्षराचं माप १.१२५ आरईएम, म्हणजे १८ पिक्सेल. १६ वर जोडाक्षरं गिचमीड होतात. मथळ्यासाठी क्लॅम्प(१.७५आरईएम, १.४आरईएम + १.६व्हीडब्ल्यू, २.७५आरईएम) हे सूत्र चांगलं चालतं: ३६० च्या फोनवर साधारण २८ पिक्सेल, १३६६ च्या लॅपटॉपवर ४४, मधल्या रुंदीला मधलं माप. तपासायला 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' हे पूर्ण नाव मथळ्यात टाकून बघा. ते फोनवर नीट दुमडलं तर बहुतेक मथळे निभावतात.

'लेटर-स्पेसिंग' देवनागरीला देऊच नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. टेम्पलेटमध्ये मथळ्यांना ते हमखास असतं, शून्य करा. मजकूर दोन्ही कडांना जुळवणारा 'जस्टिफाय'ही मोबाइलवर नको, कारण मराठी शब्द लांब आणि ओळ अरुंद, त्यामुळे शब्दांमध्ये भगदाडं पडतात. मोठ्या स्क्रीनवर उलटी काळजी: ओळ फार लांब होऊ देऊ नका, मजकुराच्या डब्याला 'मॅक्स-विड्थ' ३६ ईएमच्या आसपास ठेवा.

एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर' नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात आणि स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) योग्य आवाज निवडतो. फाँटमध्ये मुक्त, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे मोफत आहेत. वजनं दोनच घ्या, साधं आणि ठळक. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड होते. फाइल वॉफ२ प्रकारची असावी आणि 'फाँट-डिस्प्ले: स्वॅप' असावं, म्हणजे फाँट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरात मजकूर वाचता येतो. फाइल हलकी करायला सबसेट करत (न लागणारी अक्षरं फाँटमधून काढत) असाल तर नंतर 'सातपुड्याच्या दऱ्या', 'भाकऱ्या', 'क्षेत्रज्ञ', 'कर्तृत्व' हे शब्द टाकून पाहा. सबसेट करताना जोडाक्षरांचे नियमच गळले, तर हलन्त पाय मोडलेली अक्षरं दिसतात.

अहिराणी कविता टाकायच्या आहेत. लहान स्क्रीनवर ओळी मोडतात, काय करावं?

कवितेत ओळ कुठे संपते हा अर्थाचा भाग आहे. तो जपायलाच हवा. सोपा वाटणारा उपाय म्हणजे 'प्री' टॅग, पण त्यात लांब ओळ स्क्रीनबाहेर जाते. अक्षर बारीक करणं हाही उपाय नव्हे.

प्रत्येक ओळ वेगळ्या स्पॅनमध्ये ठेवा, त्याला 'डिस्प्ले: ब्लॉक', 'पॅडिंग-लेफ्ट' १.५ ईएम आणि 'टेक्स्ट-इंडेंट' उणे १.५ ईएम द्या. ओळ मोडली तर उरलेला तुकडा आत सरकून येतो आणि ही नवी ओळ नाही, मागचीच पुढे आली आहे, हे वाचणाऱ्याला कळतं. छापील संग्रहांत लांब ओळी अशाच दुमडतात. दोन कडव्यांमध्ये रिकामे ब्रेक टॅग न टाकता प्रत्येक कडवं स्वतंत्र परिच्छेद करा आणि मार्जिनने अंतर द्या.

अहिराणीला भाषासंकेतांच्या यादीत 'एएचआर' असा स्वतःचा संकेत आहे. कवितेच्या डब्याला तोच द्या. आपली भाषा तिच्या नावाने नोंदवली जावी असं आम्हाला मनापासून वाटतं. मात्र 'एमआर' पाहून अक्षरांची वळणं बदलणारे फाँट 'एएचआर' ओळखतीलच असं नाही. म्हणून इथे तिरो देवनागरी मराठी घ्यावा, त्यात मराठी वळण मुळातच आहे. 'मन्हा', 'तुन्हा' यांतला 'न्ह' नीट जुळतो का, तेही पाहून घ्या.

फोटो कुठल्या मापाचे टाकावेत?

फोनने काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि ३ ते ५ एमबीचा असतो. तो तसाच चढवणं ही वैयक्तिक साइटवरची सगळ्यांत महाग चूक. पाटणादेवीच्या दहा फोटोंचं पान मग ४० एमबीचं होतं.

प्रत्येक फोटोच्या ४८०, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या चार प्रती करा, वेबपी प्रकारात, क्वालिटी ७५ ते ८०. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. मग इमेज टॅगमध्ये 'एसआरसीसेट'मध्ये चारही फाइली त्यांच्या रुंदीसह लिहा आणि 'साइझेस'मध्ये फोटो प्रत्यक्षात किती जागा घेणार ते सांगा: रुंद स्क्रीनवर २८०पीएक्स, एरवी १००व्हीडब्ल्यू. ३६० रुंदीच्या फोनची घनता (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे पडद्यावरचे पिक्सेल) तिप्पट असेल तर त्याला १०८० पिक्सेल लागतात, तो १२०० ची फाइल उचलतो. दुप्पट असेल तर ८०० ची. 'साइझेस' विसरलात तर ब्राउझर फोटो पूर्ण रुंदीचा धरतो आणि लॅपटॉपवर लहानशा चौकटीसाठी १६०० ची फाइल मागवतो. साइट चालते, चूक दिसत नाही, फक्त डेटा वाया जातो.

टॅगमध्ये विड्थ आणि हाइट हे आकडे लिहाच. सीएसएस फोटो लवचीक ठेवतंच. हे आकडे ब्राउझरला प्रमाण सांगतात, म्हणजे तो आधीच जागा राखून ठेवतो आणि फोटो येताच खालचा मजकूर उडी मारत नाही. 'लोडिंग=लेझी' खालच्या फोटोंना द्या. सगळ्यांत वरच्या फोटोला देऊ नका. तो उलट उशिरा येतो.

धडगाव, अक्कलकुव्यासारख्या डोंगराळ भागात रेंज कमी असते. साइट किती हलकी हवी?

पहिलं पान फाँट आणि फोटोंसह ५०० केबीच्या आत बसवा. प्रत्यक्ष वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर ५०० केबी यायला ४ सेकंद लागतात; एक ४ एमबीचा फोटो ३२ सेकंद घेतो. गुगलचा निकष पानावरचा मुख्य घटक अडीच सेकंदांत दिसावा असा आहे. सरकत्या फोटोंचा स्लायडर, आपोआप चालणारा व्हिडिओ आणि फक्त दहा चिन्हांसाठी आणलेली अख्खी आयकॉनची लायब्ररी, या तिन्ही गोष्टी काढल्या की बहुतेक साइट निम्म्याने उतरतात.

उन्हात स्क्रीन दिसत नाही. त्यावर डिझाइनमध्ये काही करता येतं?

हो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन डोक्यावर असताना बसस्टँडवर कोणी साइट उघडली, तर फिकट करड्या रंगातला मजकूर दिसतच नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीतल्या फरकाचा किमान निकष ४.५ ला १ आहे. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा त्यात थोडक्यात नापास होतो. #५९५९५९ वर ते प्रमाण ७ ला १ होतं. याहून फिकट मजकूर ठेवूच नये. फोटोवर थेट अक्षरं लिहायची असतील तर मध्ये गडद पट्टा द्या.

मेनूसाठी तीन रेघांचं बटण लागतंच का?

चार-पाच दुवे असतील तर नाही. 'फ्लेक्स-रॅप' देऊन ते दोन ओळींत येऊ द्या. डोळ्यांसमोर असलेला दुवा लपवलेल्या दुव्यापेक्षा केव्हाही बरा. 'आमच्याविषयी'पेक्षा 'परिचय' लिहा, जागा वाचते. प्रत्येक दुव्याला बोटासाठी ४४ पिक्सेल उंची मिळाली पाहिजे. माउस वर नेल्यावर उघडणारा मेनू मोबाइलवर भरवशाचा नसतो.

संपर्काच्या फॉर्ममध्ये बोट ठेवलं की आयफोनवर पान एकदम मोठं होतं.

इनपुटमधलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे. १६ किंवा जास्त करा, थांबेल. मोबाइल नंबरच्या रकान्याला 'टाइप=टेल' दिलं की आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. आणि आपला नंबर 'टेल:' च्या लिंकमध्ये +९१ सह लिहा. चित्रात नंबर लिहिला तर त्यावर टिचकी मारून फोन लागत नाही.

पहिला पडदा पूर्ण उंचीचा ठेवला, तर खालचं बटण मोबाइलवर दिसत नाही.

१००व्हीएच हे माप ब्राउझरची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं धरतं. १००एसव्हीएच (पट्टी दिसत असतानाची उंची) वापरा आणि 'हाइट'ऐवजी 'मिन-हाइट' लिहा, म्हणजे मोठ्या अक्षरातही मजकूर मावतो.

सगळे फोन विकत न घेता तपासायचं कसं?

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबा (क्रोममध्ये आधी एफ१२). रुंदी ३२०, ३६०, ४१२, ७६८, १३६६ अशी बदलत बघा, फोन आडवा धरल्यासारखंही. पण तिथे कीबोर्ड वर येत नाही, बोट लागत नाही आणि फाँट लॅपटॉपचे असतात. म्हणून खऱ्या फोनवर एकदा तरी पाहायलाच हवं: साइटच्या फोल्डरमध्ये पायथनचा 'एचटीटीपी.सर्व्हर' ८००० पोर्टवर सुरू करा, फोन त्याच वायफायला जोडा आणि फोनमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, अपूर्णविराम आणि ८००० टाइप करा. उघडलं नाही तर विंडोजची फायरवॉल अडवते आहे.

नंतर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यांत मोठं करून तेच पान पुन्हा बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ते बहुधा तसंच असतं.

साइट ठेवायची कुठे? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक एवढी लांबलचक का होते?

साध्या एचटीएमएलच्या साइटला गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायवरची मोफत जागा पुरते. एचटीटीपीएस तिथे आपोआप मिळतं. खर्च फक्त डोमेनचा.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं की लिंक कॉपी करताना प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा टक्क्याच्या चिन्हांसह नऊ खुणांत बदलते. म्हणून पानाचं शीर्षक मराठीत आणि फाइलचं नाव रोमन अक्षरांत, लहान. लिंकसोबत चित्र दिसावं यासाठी 'ओजी:इमेज' टॅगमध्ये १२०० बाय ६३० चं चित्र द्या, पूर्ण पत्त्यासह.

शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेला जुना मजकूर आहे. तो तसाच चालेल?

नाही. ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांचे, नाहीत. वाचकाच्या फोनमध्ये तो फाँट नसला की रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. शोधात सापडत नाही आणि स्क्रीन रीडरही तो वाचू शकत नाही. पानाचा फोटो काढून चढवणं हाही मार्ग नाही, कारण चित्रातली ओळ स्क्रीनप्रमाणे दुमडत नाही. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मूळ कागद शेजारी ठेवून एकदा वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य' या तीन ठिकाणी कन्व्हर्टर सर्वांत जास्त चुकतात. 'ऱ्या' शोधून प्रत्येक जागा तपासली तर निम्मं काम तिथेच होतं.